आधी टांगायचं, मग कापायचं

सोमवार, ९ सप्टेंबर
दुपारी, दुकानातून

प्रिय भिंगरी,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बरंचसं खरंही आहे. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतं कोण? दुकान चालू आहे. शेजारचे कुलूपवाले आहेत तसेच आहेत. दिवसभर लोकांना किल्ल्या करून देतात आणि स्वतःची किल्ली माझ्या टेबलावर विसरून जातात. तुझी चौकशी करतात. मी "मजेत आहे" असं सांगून टाकते. आहेस ना मजेत?

आई गेल्यावर आपलं जे बोलणं झालं, त्यानंतर फोनवर आपली गाडी "हॅलो"च्या पुढे कधी गेली नाही, आणि पुढे ते हॅलोही थांबलं. पत्राचं बरं असतं. मध्येच उठून चहा ठेवता येतो, लिहिलेलं खोडता येतं, आणि समोरचा गप्प झालाय हे लगेच कळत नाही. शिवाय कारण कामाचं आहे. तू कॉलेजात शिकवतेस, तुला यातलं कळतं, म्हणून सल्ला हवाय.

मी पदवी घ्यायची म्हणतेय. घरबसल्या, ऑनलाइन. आधी हसून घे. कुलूपवाले इतके हसले की त्यांच्या हातातली कानस खाली पडली. म्हणाले, "बाई, या वयात लोक चष्म्याचा नंबर वाढवतात, तुम्ही शिक्षण वाढवताय." मी म्हटलं, दोन्ही वाढवते.

तुला आठवत असेल, बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात बाबांचे हात थरथरायला लागले आणि कात्री माझ्याकडे आली. कात्रीबद्दल तक्रार नाही. मला पडदे शिवायला आवडतात. लोकांच्या घरात शिरून त्यांच्या खिडकीतून बाहेर बघायला तर फारच आवडतं. पण हल्ली दुपारी असं व्हायला लागलंय की टीप घालता घालता मन कुठेतरी निघून जातं आणि परत येताना हात हलवत येतं. त्याला काहीतरी आणायला पाठवावं, असं वाटलं.

तर सध्या मी नमुन्याचे वर्ग ऐकते. प्रवेशाच्या दिवसांत ही कॉलेजं दोन-चार वर्ग सगळ्यांना उघडे ठेवतात. एका गिऱ्हाइकाने जुना लॅपटॉप दिलाय, तो कापायच्या टेबलावर ठेवते, दुकानाचं दार लोटते आणि ऐकत शिवत बसते. तुला ती वेळ माहीत आहे. ऊन मागच्या काचेवर येतं आणि टांगलेल्या कापडांमधून गाळून खाली पडतं. निळा तागा उलगडलेला असला की सगळं दुकान निळं. माझे हातही निळे. त्या उजेडात कुणीतरी लांबून, न भांडता, न घाई करता काहीतरी समजावून सांगत असतं. मला कधी कधी कळत नाही की मी ऐकतेय की मला स्वप्न पडतंय. मशीन चालू असतं त्यावरून जागी असावी.

पहिला विषय वाणिज्य. सगळ्यांचं मत त्याला. शिकवणारे सर प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर?" विचारतात, आणि मी दर वेळी मान हलवते. त्यांना दिसत नाही हे मला माहीत आहे, पण बिचारे विचारतात तर.

दुसरा मानसशास्त्र. तिथल्या बाईंचा आवाज मऊ आहे, अस्तराच्या कापडासारखा. त्यांचा वर्ग ऐकल्यावर मी दोन दिवस सगळ्यांकडे समजूतदारपणे बघत होते. शेवटी कुलूपवाल्यांनी विचारलं की माझी तब्येत बरी आहे ना.

तिसरा कलेचा इतिहास. जुन्या चित्रांमधल्या खोल्या दाखवतात. सर राजाराणीबद्दल बोलत होते, आणि मी मागचे पडदे बघत होते. एका राणीच्या पडद्याच्या चुण्या सरळ नव्हत्या. त्या खोलीत मी बराच वेळ फिरून आले, सर पुढच्या चित्रावर गेले तरी माझा पाय निघेना.

चौथा भूगोल. त्याबद्दल विशेष काही नाही. बाई बऱ्या शिकवतात.

प्रवेशाच्या चौकशीसाठी एक मुलगी फोन करते. गोड आहे. म्हणाली, "मॅडम, तुमचं करिअर गोल काय आहे?" मी म्हटलं, "तीन वर्षं मला कुणीतरी काहीतरी नीट समजावून सांगावं, एवढंच." तिने ते लिहून घेतलं आणि मला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुचवला. वर म्हणाली, "आणि मॅडम, हे कुठूनही करता येतं. घर बदललं, गाव बदललं, काही अडत नाही." या वाक्यापाशी मी का कोण जाणे फोन ठेवून दिला.

निवड महिनाअखेरपर्यंत करायची आहे. एकदा विषय घेतला की बदलता येत नाही, कापडावर कात्री चालवल्यासारखंच. म्हणून मी बाबांच्या पद्धतीने चाललेय. परवाच एका दातांच्या डॉक्टरांचं काम घेतलं. त्यांनी खिडकीचं माप फोनवर पाठवलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या मापावर कापड कापत नाहीत, मी येते. त्यांना राग आला. एवढे बारीक दात मोजणारा माणूस. पण त्यांच्या मापात खिडकी सरळ चौकोनी होती, आणि अशी खिडकी मी अजून पाहिलेली नाही. गेले तर एक बाजू बोटभर खाली उतरलेली. मग न कापलेलं कापड त्यांच्या दांड्यावर टांगून आले आणि बाबांचं वाक्य म्हणून आले, "आठवडाभर राहू द्या. सकाळचा उजेड बघा, संध्याकाळचा बघा. नको असेल तर निरोप द्या. निरोप नाही आला तर पसंत समजून कापतो."

टांगताना तुझी आठवण झाली. तू स्टुलाचे पाय धरून बसायचीस आणि खालून विचारायचीस, "ताई, पडलीस तर?" आता स्टूल मी भिंतीला टेकवून घेते.

तर तसेच हे चार विषय मी टांगून ठेवलेत आणि रोजच्या उजेडात बघतेय. तू सांग, कोणता घेऊ?

तब्येतीला जप. भूगोलाबद्दल मी फारसं लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

तुझी
ताई


शनिवार, २१ सप्टेंबर
दुकानातून

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं असेल. उत्तर आलं नाही. तक्रार करत नाही, नुसतं सांगतेय.

मागच्या पत्रात मी तुझ्याशी लपंडाव खेळले. तू लहान असताना पडद्यामागे लपायचीस आणि खालून तुझे पाय दिसायचे, तसे माझेही पाय दिसले असणार. तेव्हा आता सरळ लिहिते. भूगोलाच्या बाई म्हणजे तू.

मी शोधायला गेले नव्हते. म्हणजे, गेले होते. कॉलेजांची नावं बघता बघता तुझ्या कॉलेजाचं नाव आलं आणि पदवी वगैरे सगळं मागे राहिलं. फोटोत तुझे केस कापलेले दिसले. छान दिसतात. खाली नमुन्याचा वर्ग होता, विषय "वारा". मी दार लोटलं, पांढरं पातळ कापड काढलं, जे शिवताना लक्ष लागत नाही, आणि बटण दाबलं.

तू म्हणालीस, "वारा कुणालाच दिसत नाही. त्याने हलवलेलं दिसतं, त्यावरून तो ओळखायचा." मग म्हणालीस, "लहानपणी आमच्या घरात खूप पडदे टांगलेले असायचे. पडदा आत फुगला की बाहेरची हवा घरात येतेय, आणि खिडकीला चिकटला की घरातली बाहेर चाललीय. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. एवढं कळलं की अर्धा विषय कळला." आणि मग हसून म्हणालीस, "घरात कुणीतरी म्हणायचं, वारा आलाय, त्याला बसायला सांग."

कुणीतरी म्हणालीस. ती मी होते गं.

राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. राग आधीचाही आहे, तो लपवत नाही. आई गेल्यावर तू म्हणालीस, दुकान बंद कर, माझ्याकडे चल, तिथे शीक, राहा. मी नाही म्हटलं. तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, "तू जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्यांतून बघशील आणि स्वतः बाहेर पडणार नाहीस." मी म्हटलं, "तुझ्याकडे येऊन काय करू, तुझे पडदे धुऊ?" तू गेलीस. त्या दिवशी दारावरचा पडदा खिडकीला चिकटावा तसा चौकटीला चिकटला होता. तुझा वर्ग ऐकला तेव्हा कळलं की त्याला काय म्हणतात.

मी तो वर्ग पुन्हा ऐकला, आणि पुन्हा. कितीदा, ते विचारू नकोस. हळूहळू असं झालं की दिवसभर मला सगळीकडे हवा दिसायला लागली. डॉक्टरांच्या दवाखान्यात दार उघडलं की समोरच्या खिडकीचं कापड आत यायचं. कुणाच्या तरी जिन्यात खालून गार झुळूक वर यायची आणि मी मधल्याच पायरीवर थांबून, ती कुठून आली असेल, याचा विचार करत राहायचे. लोकांना वाटायचं बाईंना दम लागलाय. इतकी वर्षं मी खिडक्या झाकत आले आणि त्यांतून काय येतं-जातं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तू या परक्या लोकांना सांगतेस. मलाही हवंय ते. तुझ्यासाठी म्हणून नव्हे, खरंच हवंय. तुझ्यासाठी पण.

आता गुरुवारची गोष्ट. त्या दिवशी तुझा थेट वर्ग होता, तोही सगळ्यांना खुला. नाव लिहा म्हणाले तिथे मी "पडदेवाली" लिहिलं. चित्र बंद ठेवलं. ढग कसे बनतात ते तू विचारलंस, आणि मला उत्तर येत होतं म्हणून मी हात वर केला. खराखुरा. बराच वेळ वर धरला. हात वर करायचं बटण असतं हे नंतर कुलूपवाल्यांच्या नातीने सांगितलं.

नुसतं बसवेना, हात चाळवायला लागले, म्हणून मी मशीनवर टीप घालत ऐकत होते. माझा माइक चालू होता. मला कशी कल्पना असणार? बाबांचंच मशीन आहे, तू ओळखतेस त्याचा आवाज. जरा वेळ चालतं, मग "टक्" करून अडखळतं आणि पुन्हा धावतं. तू त्याच आवाजात झोपायचीस आणि मशीन थांबलं की जागी व्हायचीस.

तू बोलता बोलता थांबलीस. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, मागून आवाज येतोय, कुणाचं तरी मशीन चालू आहे. त्यांना म्यूट करा." माझा पाय मशीनच्या पायट्यावरच गोठला. आवाज बंद झाला. स्क्रीनवर तू खाली बघत होतीस. मग म्हणालीस, "चालू राहू द्या. मला त्रास होत नाही." आणि पुन्हा, जरा हळू, "चालू राहू द्या."

मी पाय हलवला. तू पुढे शिकवायला लागलीस. उरलेला सगळा वेळ तू ढगांबद्दल बोलत होतीस आणि मी त्याच पांढऱ्या कापडावर शिवत होते. संध्याकाळी पाहिलं तर दोन पट्टे भलतीकडेच जोडलेले. ते मी उसवलेले नाहीत.

तू मला ओळखलंस, की नुसती कुणा पडदेवालीवर दया केलीस, ते मला सांगता येत नाही. कुणाला विचारू? म्हणून तुलाच विचारते.

माझं ठरलंय, मला भूगोल घ्यायचाय. पण तीन वर्षं दर आठवड्याला मी तुझ्यासमोर असणार. चित्र बंद असलं तरी असणार. तुला ते जड जाणार असेल तर मी वाणिज्य घेईन, तिथले सरही बरे आहेत, आणि कुलूपवाले पेढे वाटल्यासारखे खूश होतील. बहिणीच्या वर्गात बहीण नको, असं तुला वाटलं तर मी रागावणार नाही. आधीचाच राग पुरे आहे.

हे पत्र तुझ्या खिडकीत टांगून ठेवतेय असं समज. आठवडाभर राहू दे. सकाळी बघ, संध्याकाळी बघ. नको असेल तर निरोप दे. निरोप नाही आला तर मी पसंत समजून कापीन. तुझ्या गप्प बसण्याचा इतकी वर्षं मी एकच अर्थ लावत आले. या आठवड्यात दुसरा लावीन.

वाट बघतेय. निरोप येऊ नये म्हणून.

ताई


सोमवार, ३० सप्टेंबर
संध्याकाळी, दुकानातून

प्रिय भिंगरी,

निरोप आला.

शनिवारपर्यंत काही नव्हतं. मी रोज दारातल्या पेटीकडे अशी जायचे की जणू तिला धक्का लागला तर आतून काहीतरी निघेल. कुलूपवाले म्हणाले, "पेटीला किल्ली मी केलीय, हवी तर हरवून टाकतो." शनिवारी संध्याकाळी मी कात्रीला तेल दिलं. आज सकाळी लॅपटॉप उघडून भूगोलावर बोट ठेवणार, तोच पोस्टमनने तुझं कार्ड आणून दिलं. वरचं अक्षर बघून मी ते उलटंच टेबलावर ठेवलं. वाटलं, नको म्हटलंय. पसंत असतं तर गप्प राहिली असती, पद्धत तिला माहीत आहे.

कुलूपवाल्यांनाच वाचायला सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचलं:

"ताई, माझ्या खिडकीला पडदा नाही. माप मी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही."

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "हे हो आहे की नाही? शिकलेली माणसं सरळ लिहीत का नाहीत?"

मी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं. "ताई" लिहिलंयस. कुणीतरी नाही. शेवटी त्यांना एवढंच सांगितलं की आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या मापावर कापड कापत नाहीत, स्वतः जावं लागतं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग दुकानाच्या किल्लीचं काय?" मी म्हटलं, तुमच्याकडेच ठेवा, माझ्या टेबलावर विसरू नका. ते हसले नाहीत. किल्ली खिशात टाकून खिसा वरून दोनदा चाचपला.

मग मी बोट ठेवलं. झालं. भूगोल.

दुकान मी बंद करत नाहीये, हे आधीच सांगते, नाहीतर पुन्हा दारात उभं राहून भांडशील. पण टांगलेलं सगळं काम पोचवलंय. डॉक्टरांचा पडदाही गेला, उतरलेल्या बाजूसकट बरोबर बसला. ते म्हणाले, खोली मोठी वाटते. पुढचे काही आठवडे माझ्याकडे कुणाची खिडकी नाही. त्या फोनवाल्या मुलीलाही कळवलं की गाव बदलतेय. ती म्हणाली, "काही अडत नाही, मॅडम." या खेपेला मी फोन ठेवला नाही, तिचे आभार मानले.

पहिला वर्ग पुढच्या गुरुवारी आहे, म्हणजे मी तुझ्याकडेच असेन. सकाळपासून तेच डोळ्यांसमोर येतंय. तू तुझ्या खोलीत बसून शिकवत असशील, मी पलीकडच्या खोलीत लॅपटॉप घेऊन. तुझा आवाज आधी भिंतीतून येईल आणि मग जरा उशिराने लॅपटॉपमधून. आधी बहिणीचा, मग बाईंचा. मी दोन्ही ऐकेन. मध्ये कधी खिडकीतून हवा आत येईल तर तिला बसायला सांगेन, पण हळू, तुझ्या वर्गाला ऐकू जाणार नाही असं. मशीन मात्र इथेच राहील, फार जड आहे. तू थांबलीस बोलता बोलता, तर समज की मीच आहे, नुसती बसलेय.

टेप घेतलीय. त्या पांढऱ्या कापडाचं भलतीकडे जोडलेलं टोकही घेतलंय, तुला दाखवायला. तागा घेतलेला नाही, कारण तुझ्याकडे उजेड कसा येतो ते मी पाहिलेलं नाही. आधी माप. मग बघू.

शिडी नसेल तर खटाटोप करू नकोस. घरात स्टूल असेल ना? मी चढेन. गुडघा कुरकुरेल, पडेन की काय असं तुला वाटेल, आणि खरं सांगते, मलाही वाटेल.

भिंतीला टेकवणार नाही. तू धर.

येतेय.

तुझी
ताई